मेसा म्हणजे काय, आणि त्याला पठार म्हणावं का?

विचारलंय की अमेरिकेच्या वर्णनांत सारखा ‘मेसा’ येतो तो नेमका काय आणि मराठीत सरळ पठार म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार.

मेसा हा स्पॅनिश शब्द, अर्थ साधा, टेबल. लॅटिनमधे ‘मेन्सा’ होता, बोलता बोलता मधला न गळला आणि मेसा झाला. मग अमेरिकेच्या नैऋत्य भागात स्पॅनिश लोकांनी वरून सपाट आणि कडेनं ताशीव अशा डोंगरांना हेच नाव दिलं, तिथून ते इंग्रजीत गेलं आणि भूगोलाच्या पुस्तकांत पक्कं बसलं. वर कठीण दगडाचा थर असतो, खाली मऊ. मऊ थर झिजतो, वरच्याचा आधार जातो, कडेचे तुकडे कोसळतात. त्यामुळे डोंगर बाजूंनी आत सरकत जातो पण माथा सपाटच राहतो आणि कडे उभेच. फार आक्रसला, म्हणजे रुंदीपेक्षा उंचीच जास्त दिसायला लागली की त्याला ब्यूट म्हणतात, हा शब्द फ्रेंच.

आता पठार. दख्खनचं पण पठार आणि कासचं पण पठारच, म्हणजे आकाराचं काही बंधन नाही, नुसता उंचावरचा सपाट भाग. चहूबाजूंनी तुटलेले कडे हवेतच असं त्या शब्दात कुठेय? आणि मेसाचं तर सगळं त्या कड्यांवरच आहे. कोकणातला ‘सडा’ जरा जवळ येतो पण तो म्हटला की जांभा दगडच डोळ्यापुढे येतो. पाचगणीच्या लोकांनी सरळ टेबललँड म्हणून टाकलं ते बरंच केलं म्हणायचं. भाषांतर करताना मी तरी ‘सपाट माथ्याचा डोंगर’ लिहीन नाहीतर मेसाच ठेवीन.

गंमत म्हणजे कोलोरॅडोतला प्रसिद्ध मेसा व्हर्डे, म्हणजे हिरवं टेबल, तो काटेकोर बघितलं तर मेसा नाहीच, माथा दक्षिणेकडे उतरता आहे.

आणि कुणीतरी म्हणणारच म्हणून, आपला मेज त्या मेसावरून आला असं ठोकून देऊ नका. फारसीत मेज आहे, मेजबान म्हणजे यजमान, त्यावरूनच आपली मेजवानी आली.