चाकणहून श्टुटगार्टला, इंजिनच्या नोकरीवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला नऊ वर्षं डिझेल इंजेक्शनच्या भागांचं डिझाइन, आता श्टुटगार्टजवळच्या एका सप्लायरची 56,000 युरोची ऑफर, मुलगी तिसरीत, आणि घरचे म्हणतात, जर्मनी बुडतेय, कशाला जाता? जर्मनी बुडत नाहीये. पण तिची जी बाजू खचतेय ती नेमकी तुमच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंजेक्टरच बघा. नोझलची भोकं 0.1 मिलिमीटरच्या आसपास, आत 2,000 बारच्या वर दाब, सुई मायक्रॉनच्या हिशेबात बसवलेली. हे लाखोंच्या संख्येनं आणि एकसारखं बनवणं जगात मोजक्यांनाच जमलं, आणि श्टुटगार्टच्या पट्ट्याची भरभराट अशाच कामांवर झाली. बॅटरीच्या गाडीत हा भागच नाही. तिथे किमतीचा मोठा वाटा सेलचा, आणि सेलमध्ये चीन पुढे गेलाय. थुरिंगियातल्या आर्नश्टाटचा सेल कारखानासुद्धा सीएटीएल या चिनी कंपनीचा आहे. त्यात 2022 मध्ये रशियन पाइपलाइनचा गॅस थांबला, ऊर्जा महागली, आणि 2023 व 2024 ही सलग दोन वर्षं जीडीपी घटला. याचा भार नोकऱ्यांवर आला: फोक्सवॅगन 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करणार, झेडएफ 2028 पर्यंत जर्मनीत 14,000 पर्यंत, आणि बॉशने 2025 मध्ये आणखी 13,000 जाहीर केल्या.

जुन्या लोकांना तिथे सहसा भरपाई देऊन किंवा लवकर निवृत्त करून मोकळं करतात. नव्यांचं तसं होत नाही, आणि इथेच आपली माणसं फसतात. कंपनीच्या गरजेपोटी कपात झाली तर कायद्याने ‘झोत्सियालआउसवाल’ करावी लागते, म्हणजे किती वर्षं नोकरी झाली, वय काय, त्याच्यावर किती माणसं अवलंबून, गंभीर अपंगत्व आहे का, हे बघून कोणाला ठेवायचं ते ठरतं. दोन वर्षांपूर्वी आलेला पस्तिशीतला इंजिनिअर कितीही हुशार असला तरी या यादीत खाली राहतो. पहिले सहा महिने तर प्रोबेशन, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं.

म्हणून सही करण्याआधी कंपनी तपासा. जर्मन जीएमबीएचना, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना, वार्षिक हिशेब जाहीर करावे लागतात. ‘उंटरनेमेन्सरेगिस्टर’ या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट दिसतात. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांच्या हिशेबाला ‘लागेबेरिष्ट’ म्हणजे कंपनीच्या स्थितीचा अहवाल जोडलेला असतो, त्यातला पुढच्या वर्षाचा अंदाज आणि जोखमींचा भाग भाषांतर करून वाचा. ऑर्डर घटल्यात का, ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणजे कमी तासांचं काम चालू आहे का, हे तिथे बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं. मुलाखतीत सरळ विचारा: करार मुदतीचा की बेमुदत, ‘बेट्रीब्सराट’ म्हणजे कामगार परिषद आहे का, वेतन युनियनच्या करारानुसार आहे का, आणि या ठिकाणच्या नोकऱ्यांची हमी कोणत्या सालापर्यंत दिली आहे. असं विचारणं तिथे आगाऊपणाचं समजत नाहीत. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर माझ्या मते ही ऑफर सोडावी.

याच राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, दुसरी वाट आहे. ओबरकोखनला त्साइस चिप बनवायच्या यंत्रांचे आरसे करते, डिट्सिंगनला ट्रुम्फ त्यांचे लेझर. टुटलिंगन शस्त्रक्रियेच्या उपकरणांचं गाव. शिवाय वीजवाहिन्या आणि रेल्वे, ज्यांवर आता भरपूर पैसा ओतला जाणार आहे. 2025 मध्ये पायाभूत कामांसाठी 500 अब्ज युरोचा निधी मंजूर झाला. तुमचं मायक्रॉनचं ज्ञान तिथे चालतं. बायोडेटात ‘डिझेल’च्या वर ‘सूक्ष्म टॉलरन्स, उच्च दाब, सील’ हे आणा.

कागदपत्रांचं अवघड नाही. परदेशी पदव्यांच्या ‘आनाबिन’ या जर्मन यादीत विद्यापीठाला एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आणि तुमच्या पदवीला समतुल्य शेरा हवा. पदवी त्या यादीत नसेल तर बॉनच्या ‘त्साब’ या पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाकडून 208 युरो भरून मूल्यांकन घ्या. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वास्तव्य-परवान्यासाठी, इंजिनिअरला 2025 मध्ये किमान पगार 43,759.80 युरो लागायचा. दर जानेवारीत आकडा बदलतो, तुम्ही आरामात बसता. घरात एकच कमावतं असेल तर टॅक्स क्लास 3 मध्ये 56,000 चे हातात महिन्याला साधारण 3,300 येतात. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत, तेवढे पैसे सोबत हवेत. जर्मन बी-1 पुण्यातच मॅक्स म्युलर भवनात पूर्ण करा. बी-1 असेल तर ब्लू कार्डवर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, नुसत्या ए-1 वर 27. आणि कपातीच्या काळात हे सहा महिने फार मोलाचे आहेत.

मुलीचा विचार नोकरीइतकाच करा. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीचे गणिताचे गुण 2012 मध्ये 514 होते, 2022 मध्ये 475 झाले. पण त्याहून मोठी अडचण चौथीची. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, आणि आता गिम्नाजियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी शिक्षकांची शिफारस, ‘कोम्पास 4’ ही जर्मन-गणिताची चाचणी आणि पालकांची इच्छा, यातल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. ही चाचणी चौथी सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांतच होते. भाषा नसलेली मुलगी सप्टेंबरात थेट चौथीत बसली तर ती गणितात कितीही चांगली असो, शाब्दिक उदाहरणांतच अडकेल. शाळेला पुन्हा तिसरीत घ्यायची विनंती करा. नव्याने आलेल्या मुलांच्या बाबतीत तिथे ते कमीपणाचं मानत नाहीत. रेआलशूले या मधल्या पातळीच्या शाळेत गेली तरी पुढे व्यावसायिक गिम्नाजियममधून विद्यापीठाची वाट उघडी राहते.

आणि नोकरी गेलीच तर: हातात ‘आउफहेबुंग्सफरट्राग’, म्हणजे आपसात करार मोडायचा कागद, ठेवला तर त्याच टेबलावर सही करू नका. त्या सहीमुळे बेकारभत्ता 12 आठवडे थांबू शकतो. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद, दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणं, आणि लेखी नोटिशीला आव्हान द्यायचं तर तीन आठवड्यांत कामगार न्यायालय. भत्ता मिळायला आधीच्या 30 महिन्यांत 12 महिने बेकारी विमा भरलेला हवा. मूल असलेल्याला निव्वळ पगाराच्या 67 टक्के मिळतात.