लेक लंडनला चाललीय, तिच्या गळ्यात ही पॉलिसी कशाला?

पत्र बेळगावच्या अनगोळहून आलंय. काका उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, वय ५६, हातात ६२ हजार पगार, रिटायर व्हायला दोन वर्षं. मुलगी सप्टेंबरात लंडनला एमएस्सीला चाललीय, एका वर्षाचा कोर्स, फी २४ हजार पाऊंड. विचारलंय एवढंच की स्टुडंट हॉस्टेलची खोली आठवड्याला २६० पाऊंडला मिळतेय आणि लंडनमधल्याच हॅरो भागात ओळखीतनं एका घरातली खोली महिन्याला ७५० ला, तर कुठली घ्यावी.

त्याचं उत्तर देतो, शेवटी. आधी पत्रात पुढं सहज म्हणून जे लिहिलंय ते बघू. घरावर ३५ लाखाचं एज्युकेशन लोन मंजूर झालं, साडेदहा टक्क्यानं. सोबत बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी मुलीच्या नावानं एक "गॅरंटीड प्लॅन", म्हणजे विमा पॉलिसी, करून दिला, वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी ४० लाख मिळणार, "त्यामुळं लोनची काळजीच मिटली." पहिला हप्ता काकांच्या सेव्हिंगमधनं गेला, पुढचे मुलगी तिकडं पार्ट टाईम करून पाठवणार. बाँड, म्हणजे पॉलिसीचे कागद, गेल्या आठवड्यात घरी आला.

काका, काय करूलालाय तुम्ही!

२५ लाख भरून ४० लाख ऐकायला भारी वाटतं, पण हप्ते कधी जातात आणि पैसे कधी येतात ते मांडून बघितलं की वर्षाला साडेचार टक्के पडतात. साध्या बँक एफडीपेक्षा कमी. आणि लोन साडेदहाचं. तेच अडीच लाख पॉलिसीत टाकले तर दहा वर्षांत चार लाखसुद्धा होत नाहीत, आणि तेवढंच लोन जास्त उचललं तर त्याच दहा वर्षांत ते सात लाखाजवळ जातं. बरं, लोनची काळजी मिटली म्हणता, तर हिशेब करा की, एक वर्ष कोर्स, एक वर्ष सवलत, मग दहा वर्षं ईएमआय, म्हणजे बाराव्या वर्षी लोन संपणार आणि पॉलिसी पिकणार पंधराव्या वर्षी. लोन फिटल्यावर तीन वर्षांनी लोन फेडायचे पैसे येणार, हे कुठलं नियोजन?

याहून मोठी गोष्ट मॅनेजरनं सांगितली नाही आणि तुम्ही विचारली नाही. सवलतीच्या काळात हप्ता नसतो, व्याज चालूच असतं. सगळं लोन उचललं की महिन्याला तीस हजार. दोन वर्षं काहीच भरलं नाही तर ३५ चे साधारण ४२ लाख होतात, ईएमआय ५६-५७ हजारावर जातो आणि तो सुरू कधी होतो, तर तुम्ही रिटायर होता त्याच सुमाराला. आणि घर गहाण आहे.

म्हणून आता असं करा. बाँड हातात आल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, तेवढ्यात पॉलिसी परत करता येते, स्टँप ड्युटी आणि थोडंफार कापून पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कुरिअरचं पाकीट तारखेसाठी जपून ठेवा. साहेब तोंड वाकडं करतील, करू देत. सँक्शन लेटरचा फोटो तुम्ही पाठवलाय त्यात पॉलिसीची अट कुठंच नाही. तरी अडवलं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. संरक्षणच पाहिजे तर मुलीच्या नावानं साधी टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेलं तरच पैसे देणारा विमा, घ्या, त्या वयात वर्षाला काही हजारांत होते. आणि पगार चालू आहे तोवर महिन्याला वीस हजार तरी लोनच्या व्याजात टाका.

आता ते पार्ट टाईम. कॉलेजची टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, हा व्हिसाचा नियम, किमान वेतन तासाला साधारण साडेबारा पाऊंड. पण पहिले दोन महिने काम मिळण्यातच जातात आणि एमएस्सीच्या अभ्यासात २० तास रोज कुणाला जमत नाहीत, म्हणजे आठवड्याला जमत नाहीत असं म्हणायचंय मला. बारा तास धरा, वर्षात सहा-साडेसहा हजार पाऊंड, सात-साडेसात लाख. खर्च बघा, पाऊंड १२० नं फी २९ लाख, राहणं-खाणं व्हिसावाले स्वतःच लंडनसाठी महिन्याला १,५२९ पाऊंड धरतात, म्हणजे वर्षाला २२ लाख. झाले ५१. तुमच्याकडं लोनचे ३५ आणि क्रेडिट सोसायटीत ठेवलेले १२, एकूण ४७. विमान, व्हिसा, हेल्थ सरचार्ज वेगळंच. पोरगी जे मिळवेल ते तिथंच संपणार, हप्ता कुठला पाठवतेय ती!

सोसायटीतल्या त्या १२ लाखाबद्दलही बोलायलाच पाहिजे. ११ टक्के मिळतात म्हणून ठेवलेत, पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे, बँकेतल्या ठेवीला असतो तो पाच लाखाचा विमा तिथं नाही. बेळगावात सोसायट्यांचं काय काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तिची पावती व्हिसाला चालणार नाही, पैसे नियमातल्या बँकेत सलग २८ दिवस दिसावे लागतात. व्याज थोडं बुडालं तरी या महिन्यातच काढून बँकेत ठेवा.

खोलीचं. हॉस्टेल ५१ आठवड्यांचं म्हणजे १३ हजार पाऊंडच्या वर, हॅरो ९ हजार, त्यात प्रवास आणि बिलं धरली तरी दोन-अडीच हजार वाचतात. हॅरो घ्या, पण घरातले बाकीचे नोकरीवाले असतील तर काऊन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, कोण भरणार ते आधी विचारा, फुलटाईम स्टुडंटला माफ असला तरी त्यांच्यामुळं घराला बिल येतं. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागितलं तर नाही म्हणा, आणि ओळखीतलं असलं तरी कुणीतरी खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवर पैसे पाठवू नका.