मॅडम, ग्रुपमध्ये मी एकटीच काम करतेय

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. खोली लायब्ररीच्या मागे आहे, पूर्वी तिथे झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे असायचे. दिवाळीपर्यंत फर्स्ट इयरची मुलं येतात, घरची आठवण, मेसचं जेवण वगैरे. जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाची रांग लागते, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, चौघांच्या ग्रुपमध्ये मी एकटाच काम करतोय." एका वर्षी तर एकाच ग्रुपमधले तिघं वेगवेगळ्या दिवशी येऊन मला हेच सांगून गेले.

त्यातली एक केस सांगते. मुलीला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण रेवा म्हणू. शाखा ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. रेवा आली ती चपलांचं खोकं छातीशी धरून. खोक्यात ग्रुपचा प्रोजेक्ट होता: ब्रेडबोर्ड (सर्किट जुळवायची भोकांची पट्टी), त्यावर ईएसपी32 हा वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड, पंप चालू-बंद करणारा एक रिले आणि पंचवीस-तीस जंपर वायरींचं जंजाळ. फाईल ठेवायला जागा हवी म्हणून मी खोकं जरा सरकवायला गेले, तर म्हणाली, "नको मॅडम, हात नका लावू. एक वायर लूज आहे आणि कुठली ते मलाच माहितीये." तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं.

प्रोजेक्ट काय, तर मातीतला ओलावा मोजून द्राक्षबागेला ठिबकने आपोआप पाणी द्यायचं. विषय काही नवा नाही, असा एक तरी ग्रुप दर वर्षी असतोच. अडलं होतं ते असं की सेन्सर एकटा लावला की 0 ते 4095 मधले आकडे व्यवस्थित येत. तेच वाय-फाय जोडून मोबाईलवर पाठवायला गेलं की आकडा गोठून बसे. अकरा रात्री ती हेच करत होती. कोड तीनदा पुसून पुन्हा लिहिला. सेन्सर बदलला. बोर्डच खराब असेल म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, असं करत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरा बोर्ड आणला आणि त्याच दिवशी परत. नवा बोर्डही अगदी तसाच वागला.

झोपायला साडेतीन वाजत होते. जेवणाचं वेळापत्रक गेलं होतं. रिव्ह्यूचं, म्हणजे प्रोजेक्टच्या कॉलेजातल्या तपासणीचं, नाव काढलं की तळहात ओले होत. तर्जनीवर सोल्डरिंग गनचा चटका होता, त्यावर साधं बँडेडही नव्हतं. जीव नकोसा वाटतो का, हे अशा वेळी मी आडवळणाने न विचारता सरळ विचारते. नाही म्हणाली. (कुणाला तसं वाटत असेल तर आमच्यासारख्यांच्या वाराची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.)

मग ग्रुपचं गाऱ्हाणं. निफाडकडचा एक मुलगा, घरची द्राक्षबाग, "महिनाभर तोंडच दाखवलं नाहीये त्याने." एक मुलगी, "ती फक्त पीपीटी करते." आणि चौथ्याला कॅम्पसमधून नोकरी लागलेली. त्याचं म्हणणं, तयार प्रोजेक्ट मिळतो, ब्लॅक बुकसकट (म्हणजे बांधलेल्या रिपोर्टसकट), चौघांत वाटले तर साडेतीन-साडेतीन हजार, उगाच कशाला डोकं फोडतेस.

तयार प्रोजेक्टबद्दल मी मुलांना नीतिपाठ देत नाही. एवढंच सांगते की ओरलला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, फार अवघड विचारत नाहीत. "ही वायर काढली तर काय होईल?" असं विचारतात. विकत आणलेल्याला तिथेच घाम फुटतो, आणि त्याआधीचे दोन महिनेही तो काही सुखाने झोपत नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी तिला पुस्तकी सल्ला दिला: कामं वाटून दे. तिने दिली. रात्री पावणेबाराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा मुद्द्यांचा मेसेज, शेवटी "उद्या सकाळपर्यंत". सकाळी कुणाचंच झालेलं नव्हतं. दहा वाजेपर्यंत सगळं तिने स्वतः केलं आणि पुढच्या वारी मला येऊन म्हणाली, "बघितलंत?"

तेव्हा कोरा कागद दिला. प्रोजेक्टमधली एकूण एक कामं लिही म्हटलं. प्रत्येकापुढे दोन गोष्टी: काम कुणाकडे आहे, आणि त्यात त्या माणसाला स्वतःच्या डोक्याने काय ठरवायचं आहे.

तेवीस कामं निघाली. एकोणीस तिच्या नावावर. उरलेली चार अशी: प्रिंटआउट काढणं, कव्हर पेजवर कॉलेजचा लोगो, गाईडसरांची सही आणि पीपीटी. या चारांपुढचा "काय ठरवायचं" हा रकाना तिने रिकामा सोडला होता. पीपीटीपुढे आधी "रंग" लिहून खोडलेलं दिसत होतं.

"पण मॅडम, त्यांना महत्त्वाचं काही दिलं की ते चुकवतात."

"चुकवलं तर?"

"तर मला परत करावं लागेल."

"आणि तू चुकवलंस तर?"

यावर ती बराच वेळ खोक्याच्या झाकणाची कड नखाने सोलत बसली. मग जे बाहेर आलं त्यात ग्रुप नव्हताच. सात सेमिस्टर दहापैकी नऊच्या वर पॉइंटर. प्रॅक्टिकलला मॅन्युअल असतं आणि रिझल्ट काय यायला हवा ते त्यात छापलेलं असतं. आपलं उत्तर त्याच्याशी जुळलं की झालं. प्रोजेक्टमध्ये ते छापलेलं पान नाही. बरोबर चाललंय की नाही हे सांगणारं कुणी नाही, गाईडसुद्धा नाही, कारण सरांनीही हे सर्किट पूर्वी बनवलेलं नाही. इतकी वर्षं जिला कधी "जमत नाहीये" म्हणावं लागलं नव्हतं, तिला ते तिघांसमोर म्हणायचं नव्हतं. त्यापेक्षा "कुणी कामच करत नाही" हे सोपं. खोटंही नव्हतं ते, पण अर्धंच होतं.

हुशार मुलांच्या बाबतीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता "एकटीच" हा शब्द आला की मी तो कागद काढते. समोरच्याला नुसतं काम देऊन भागत नाही, त्यातला निर्णयही द्यावा लागतो. "सेन्सर लाव" म्हटलं तर माणूस सांगितल्या जागी सेन्सर लावून निघून जातो. "सेन्सर कुठे लावायचा ते तू ठरव आणि ओरलला तूच सांग" म्हटलं की त्याला शोधाशोध करावी लागते. त्यांच्या विभागाच्या दारावर एनबीएच्या (तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मानांकनासाठी लावलेला मोठा फ्लेक्स आहे. भारत 2014 साली वॉशिंग्टन करारात (इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशांनी परस्पर मान्यता देण्याचा करार) आला तेव्हापासून असे फ्लेक्स गावोगावच्या कॉलेजांत दिसतात, वाचत कुणी नाही. पदवीधराला काय काय यायला हवं याचे तेव्हा त्यावर बारा मुद्दे होते. नववा मुद्दा, एकट्याने आणि गटात काम करता येणं. रेवा चार वर्षं त्याच्याखालून जात-येत होती. मीही.

तिच्या संमतीने चौघांना एकदा बोलावलं. अट एकच: खोकं टेबलावर मधोमध राहील आणि अर्धा तास रेवा त्याला हात लावणार नाही. ती खरोखर हात मांडीखाली दाबून बसली. चौथा दहा मिनिटं थांबला, फोन आला म्हणून गेला तो गेलाच. पीपीटीवाली बोललीच नाही. निफाडचा मुलगा थेट बागेतून आलेला, तोडणी चालू होती, सकाळी व्यापाऱ्याची गाडी भरून आला होता. तो खोक्यात डोकावला आणि म्हणाला,

"पंप कधी चालू होणार हा?"

"ओलावा चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की," रेवा.

"आन् लाईट?"

"म्हणजे?"

"थ्री फेज लाईट चोवीस तास नसती ना. आठ तास येती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुझी माती दुपारी दोनला सुकली आन् लाईट रात्री दहाला आली, तर?"

रेवाकडे उत्तर नव्हतं. तो पुढे सांगत गेला. पंप चालू करायला यंत्राची गरजच नाही, सगळ्यांनी ऑटो बसवलेत, लाईट आली की पंप आपसूक सुरू होतो. अडचण वेगळीच आहे. रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, साप-किरडू बघत कुठल्या तरी प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडायला जावं लागतं. "ते सांगेल का तुझं यंत्र, आज कुठला प्लॉट?"

मी मानसशास्त्राची, मला त्यातलं यंत्र काही कळलं नाही. पण रेवाने मांडीखालचा हात काढून वही उघडली, हे दिसलं. अर्ध्या तासात त्यांच्या प्रोजेक्टचा हेतूच बदलला. पंपाचा रिले जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह, आले, दोन प्लॉट, दोन सेन्सर. शेतीवरचा प्रोजेक्ट, ग्रुपमध्ये शेतकऱ्याचा मुलगा, आणि सात महिन्यांत त्याला कुणी "तुमच्याकडे पाणी कसं देतात?" एवढं विचारलं नव्हतं. त्यानेही आपणहून सांगितलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं, सरांनी असंच करायला सांगितलंय."

गोठणाऱ्या आकड्याचा उलगडा पुढच्या आठवड्यात झाला आणि तो पीपीटीवालीने केला. स्लाईडवर बोर्डच्या पिनांचा तक्ता घेताना तिला खालची तळटीप दिसली होती: एडीसी2 गटातल्या पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. रेवाचा सेन्सर नेमका अशाच पिनेवर, 25 नंबरवर होता. तो 34 वर हलवला, आकडे सुरू. एक वायर, अकरा रात्री, एक मुंबईवारी.

"तू मला हे आधी का नाही सांगितलंस?" रेवाने तिला विचारलं.

"तू म्हणालीस स्लाईडचा रंग बदल. मी रंग बदलला."

हे सांगताना रेवा हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या महिन्यात तिला झोप यायला लागली होती, साडेबारापर्यंत तरी.

चौथ्याचं मात्र काही झालं नाही. काही मुलं खरंच काम करत नाहीत, त्यांच्यामागे कुठलीही दडलेली कहाणी नसते, आणि समुपदेशकाने प्रत्येकात ती शोधत बसू नये. त्याचं नाव काढा म्हणून रेवा मार्चमध्ये गाईडकडे गेली तेव्हा सर म्हणाले, आता उशीर झाला, दुसऱ्या रिव्ह्यूच्या आत यायला हवं होतं. म्हणून मी आता मुलांना आधीच सांगते की प्रोजेक्ट डायरीत दर आठवड्याला कुणी काय केलं ते नावानिशी लिहा आणि गाईडची सही घ्या. चुगली म्हणून नव्हे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद हवा.

ओरलला एक्सटर्नलनी विचारलं, पाणी चालू असताना लाईट गेली तर व्हॉल्व्हचं काय होईल? रेवा तोंड उघडणार तेवढ्यात निफाडवाला म्हणाला, "बंद होईल सर. नॉर्मली क्लोज्ड घेतलाय. आन् तेव्हा पंपही बंदच असतो." ती गप्प राहिली. अवघड गेलं, असं मला नंतर सांगितलं.

निकालानंतर एकदा आली. खोकं नव्हतं, पेढे होते. चौथ्याला तिच्यापेक्षा फक्त चार मार्क कमी पडले होते.

"मॅडम, हे बरोबर आहे का?"

"नाही," मी म्हटलं, आणि कँटीनला दोन चहा सांगितले.