वडिलांना आठ महिने कोरडा खोकला आहे. डॉक्टर म्हणतात गॅलरीतली कबुतरं कारण असू शकतात. हे खरं असतं का?

असतं. माझ्या अप्पांना हाच आजार आहे, फक्त आमच्याकडे कबुतरांऐवजी कूलर होता.

अप्पा सोलापुरात पॉवरलूमवर तीस वर्षं होते. त्यामुळे खोकला सुरू झाला तसं सगळ्यांनी सुताच्या धुळीवर खापर फोडलं, आम्हीसुद्धा. टीबीची तपासणी झाली, दम्याचा पंप झाला. मग मे महिन्यात ते मंगळवेढ्याला आत्याकडे दहा दिवस राहिले आणि खोकला निम्म्यावर आला. घरी परतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. सुताच्या धुळीचा त्रास असला तर सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. यांना कामावर बरं वाटायचं, रात्री घरी धाप लागायची.

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपता कुठं?" कूलरसमोर! घरी येऊन मी कूलरची बाजू उघडली. गवत काळं पडलेलं, भिजून कुजलेल्या कडब्यासारखा वास, टाकीच्या तळाला बुळबुळीत थर. तीन उन्हाळे गवत बदललंच नव्हतं.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा संसर्ग नाही. बुरशी, कबुतरांची विष्ठा, पिसांवरची भुकटी असलं काहीबाही वर्षानुवर्षं श्वासातून जातं आणि काहींची प्रतिकारशक्ती त्यावर चवताळते. फुप्फुसं सुजतात, पुढे वण पडून कडक होतात. आई त्याच खोलीत झोपायची, तिला काही झालं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका नोंदणीत फुप्फुसं अशी सुजून-कडक होणाऱ्या आजारांचे १०८४ रुग्ण होते. त्यातल्या ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्मे कूलर वापरणारे.

साध्या एक्स-रेवर थांबू नका, एचआरसीटीबद्दल, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईनं काढलेल्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. वडिलांना थोडं चालायला लावून मग रक्तातला ऑक्सिजन मोजा: अप्पांचा बसून ९६ टक्के यायचा, एक जिना चढले की ८८. कबुतरं हाकलली, जाळी लावली तरी त्यांचे कण घरात कित्येक महिने राहतात, म्हणून गॅलरी पाणी मारून ओली करून धुवा, आणि त्या दिवशी वडिलांना दुसरीकडे पाठवा. स्टेरॉइडनं सूज उतरते, पण कारण घरात तसंच राहिलं तर गोळ्या खाऊन फारसं काही हाती लागत नाही. पडलेले वण मात्र जात नाहीत.

अप्पा अजून जिन्यात एकदा थांबतात. कूलर भंगारात गेला. ४३ डिग्रीत आता पंखा आणि दाराला ओली चादर, तीही रोज धुतलेली.