वाचकांचे प्रश्न : सिंथेटिक इंजिन ऑइलची खरी परीक्षा

प्रश्न : आमच्या गावातील एका दुकानात विक्रेत्याने टेबलावर एक लहान यंत्र मांडले होते. त्यात ऑइलमध्ये बुडालेले कडे फिरते आणि तरफेच्या साहाय्याने त्यावर पोलादी रूळ दाबला जातो. साधे ऑइल घातल्यावर थोड्याच वजनाला कडे कर्कश आवाज करून अडकले. महागडे सिंथेटिक ऑइल घातल्यावर मात्र वजन वाढवत नेले तरी ते फिरत राहिले. एवढ्यावरून ते ऑइल इंजिनाला अधिक जपते असे मानावे काय? तसे नसेल, तर खरी चाचणी कशी घेतात?
— एक वाचक, कराड

उत्तर : तसे मानू नये. आपण जे पाहिले ते खोटे नव्हते, परंतु त्यात मोजले गेले ते इंजिनातील झिजेपेक्षा फार वेगळे आहे. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, आणि तिला आधार देणारी बेअरिंग्ज एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. दोहोंमध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरते. धातूवर धातू घासण्याचा प्रसंग मुख्यतः कॅम (झडपा उघडणारा फिरता उंचवटा) आणि टॅपेट (त्याचा दाब झडपेकडे पोचवणारा भाग) यांच्यामध्ये, किंवा पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा रिंगांपाशी येतो. तेथे ऑइलमधील जस्त आणि फॉस्फरसयुक्त रसायन उष्णतेने धातूवर पातळ संरक्षक लेप धरते. दुकानातील यंत्रात मात्र प्रचंड दाब एकाच बिंदूवर पडतो. अशा परीक्षेत क्लोरीनयुक्त पॅराफिनसारखे पदार्थ उत्तम गुण मिळवतात, पण तेच पदार्थ इंजिनाच्या उष्णतेत विघटन पावून आम्ल तयार करतात आणि बेअरिंग्ज खातात. म्हणजे टेबलावर जिंकलेले ऑइल इंजिनात घातक ठरू शकते. हे दृश्य पाहून विश्वास बसतो, म्हणूनच ते मला चिंताजनक वाटते.

प्रयोगशाळेत चार पोलादी गोळ्यांची एक प्रमाणित चाचणीही असते. १२.७ मिलिमीटर व्यासाचे तीन गोळे घट्ट बसवून त्यांवर चौथा फिरवतात आणि तासाभराने गोळ्यांवर पडलेला व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. नवे मिश्रण तयार करताना ही चाचणी उपयोगी पडते, परंतु मोटारीच्या इंजिन ऑइलला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची, श्रेणी मिळते ती प्रत्यक्ष इंजिन चालवून घेतलेल्या परीक्षांवर.

मे २०२० पासून लागू झालेल्या ‘एपीआय एसपी’ श्रेणीचेच उदाहरण घेऊ. ऑइल उष्णतेत किती टिकते हे पाहण्यासाठी क्रायस्लरचे ३.६ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या गतीने आणि ऑइलचे तापमान १५१ अंश सेल्सिअस राखून ९० तास चालवतात. आपल्याकडे भर उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या मोटारीचे ऑइलही सहसा इतके तापत नाही. ऑइलचा ऑक्सिजनशी संयोग झाला की ते दाट होत जाते. परीक्षेअखेर ४० अंशांवरील त्याचा दाटपणा मूळच्या दुपटीहून अधिक झालेला चालत नाही. नंतर इंजिन उघडून पिस्टनवर साचलेल्या थराला गुण देतात आणि रिंगा चिकटल्या आहेत का तेही पाहतात.

झिजेच्या परीक्षेसाठी टोयोटाचे दीड लिटरचे इंजिन वापरतात. ते दर तीस सेकंदांच्या आवर्तनात मंद गतीवरून वेगावर नेऊन पुन्हा खाली आणतात, अशी २४,००० आवर्तने होतात आणि २०० तास लागतात. टॅपेटचा पृष्ठभाग आधी व नंतर बारकाईने मोजून किती घनमिलिमीटर धातू गेला ते काढतात. गाळासाठी फोर्डचे ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन २१६ तास चालते आणि त्यात मुद्दाम मंद, थंड, रेंगाळणाऱ्या चालीचे टप्पे ठेवलेले असतात, कारण काळा चिखल अशाच चालीत जमतो. टायमिंग चेन, म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमपर्यंत नेणारी साखळी, किती ताणली जाते, आणि लहान टर्बो इंजिनांत ठिणगीपूर्वी होणारे घातक ज्वलन किती वेळा घडते, या दोन परीक्षा एसपी श्रेणीत नव्याने आल्या. दुसऱ्या परीक्षेचे कारण मोठे लक्षवेधी आहे : ऑइलमधील कॅल्शियमयुक्त शुद्धिकारके अशा ज्वलनाला हातभार लावतात असे आढळले, म्हणून अनेक उत्पादकांनी त्यांपैकी काही भाग मॅग्नेशियमने बदलला.

प्रयोगशाळेचे इंजिनही विश्वासार्ह हवे, म्हणून ठराविक काळाने केवळ सांकेतिक क्रमांक असलेले, परिणाम आधीच ठाऊक असलेले ऑइल प्रयोगशाळेकडे पाठवतात. ते कोणते हे चालवणाऱ्याला माहीत नसते. उत्तर अपेक्षित मर्यादेत आले नाही, तर त्या चाचणीसंचावरचे निकाल ग्राह्य धरत नाहीत. दुकानातील यंत्राला असा पारखी कोणीच नसतो.

याखेरीज काचेच्या भांड्यांतल्या आणि उपकरणांवरच्या चाचण्या असतात. ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती उडून जाते ते तोलतात. १५ टक्क्यांहून अधिक घट चालत नाही. १५० अंशांवर, अतिशय वेगाने घासले जात असताना ५डब्ल्यू-३० (डब्यावर लिहिलेला दाटपणाचा एक दर्जा) ऑइलचा दाटपणा किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद राहावा लागतो, कारण बेअरिंगमधला थर टिकतो तो याच आकड्यावर. अशा परीक्षांत चांगल्या सिंथेटिक ऑइलचे श्रेष्ठत्व खरोखर दिसते : ते कमी उडते आणि उशिरा दाट होते. उणे ३० अंशांवर इंजिन सहज फिरते हा त्याचा गाजलेला गुण महाराष्ट्रात मात्र फारसा कामी येत नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दाविषयीही सावध असावे. पूर्वी हा शब्द लहान रेणू जोडून बनवलेल्या तेलांपुरता समजला जाई. १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरात-परीक्षण मंडळाने, हायड्रोजनच्या प्रक्रियेने अतिशुद्ध केलेल्या खनिज तेलालाही तो शब्द वापरता येईल असा निर्णय दिला आणि तेव्हापासून डब्यावरच्या त्या एका शब्दाने आतले तेल नेमके कोणते ते कळत नाही. डब्याच्या मागील बाजूस असलेली श्रेणी आणि वाहन-उत्पादकाची मान्यता वाचावी.

प्रश्न : डब्यावर १५,००० किलोमीटर लिहिले आहे. माझी मोटार रोज कार्यालयापर्यंत चार-पाच किलोमीटरच धावते. ऑइल तीन वर्षे चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. एवढ्या लहान प्रवासात इंजिन पूर्ण तापतच नाही. ज्वलनातून आलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठीच्या मासिकाने १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर घेतलेली चाचणी पुष्कळदा सांगितली जाते. त्या टॅक्सी मिळून ४५ लाख मैल धावल्या आणि वेगवेगळ्या ऑइलांत झिजेचा लक्षणीय फरक आढळला नाही. पण टॅक्सी दिवसभर चालू असते, तिचे इंजिन क्वचितच पूर्ण थंड होते. आपल्या मोटारीची गत नेमकी उलट आहे, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला लावता येत नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. त्यांतील जे आधी संपेल ते पाळावे. शंका असल्यास वापरलेल्या ऑइलचा नमुना तपासून घेता येतो. त्यात लोह वाढले असेल तर झीज, सिलिकॉन वाढले असेल तर बहुधा एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ, आणि शिसे वा तांबे वाढले असेल तर बेअरिंगवर लक्ष ठेवावे, असा त्याचा ढोबळ अर्थ घेतात. आम्ल मारण्याची ऑइलची उरलेली ताकदही त्याच नमुन्यातून कळते.

प्रश्न : मोटारीसाठी आणलेले उत्तम सिंथेटिक ऑइल उरले आहे. ते मोटारसायकलमध्ये घातले तर चालेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : घालू नये. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात. मोटारीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती क्लच प्लेटवर पोचली की क्लच घसरू लागतो. यासाठी जपानी ‘जासो’ मानकात घर्षणाची वेगळी परीक्षा आहे आणि तिच्यात पुरेशी पकड दाखवणाऱ्या ऑइलवर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले असते. गिअर नसलेल्या बऱ्याच स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि त्यांना ‘एमबी’ ऑइल सांगितलेले असते. ते ऑइल गिअरच्या मोटारसायकलमध्ये टाकू नये.