बॅटरी बदलली आणि गाडी सगळं विसरली

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीची बॅटरी बदलली. चेक इंजिनचा लाइट लागत नाही, पण स्कॅनरवर कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) आणि इव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न जाऊ देणारी यंत्रणा) या दोन टेस्ट अजून इनकम्प्लीट दाखवतोय. मेकॅनिक म्हणाला ड्राइव्ह सायकल मारा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिसेट होईल. टाकी फुल करून तीन दिवस ऑफिसला नेली, जायला दहा मिनिटं यायला दहा. काहीच फरक नाही, कुठे चुकतंय?

उत्तर : अहो रिसेट तर कधीच झालाय, बॅटरीची वायर काढली तेव्हाच पाटी कोरी झाली. ड्राइव्ह सायकल म्हणजे त्या कोऱ्या पाटीवर गाडीला परत सगळं तपासून लिहायला लावणं, मेकॅनिकने नेमकं उलटं सांगितलं (बरेच जण असंच सांगतात).

पहिली अडचण तुमची फुल टाकी. इव्हॅपच्या टेस्टमध्ये ईसीयू टाकीतली वाफ कोंडून कुठे गळतीये का ते बघतो, आता टाकी काठोकाठ भरली तर वाफेला जागाच नाही, मग तो टेस्ट सुरूच करत नाही. पाव ते पाऊण टाकीच्या मधे काटा ठेवा. शिवाय इंजिन पूर्ण गार लागतं, म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट.

कॅटॅलिस्टचं वेगळं. त्याच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, पुढच्याचं रीडिंग सारखं वरखाली नाचतं, मागच्याचं शांत राहायला हवं, मागचाही तसाच नाचायला लागला की समजायचं कॅटॅलिस्ट गेला. पण हे बघायला तो चांगला तापलेला हवा आणि स्पीड एकसारखा हवा, दहा मिनिटांच्या सिग्नलवाल्या रस्त्यात ते कुठून जमणार?

तर सकाळी गार गाडी स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मग मोकळ्या रस्त्यावर 80 च्या आसपास दहा मिनिटं एका स्पीडला, नंतर मागे कोणी नाही बघून अॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक न मारता गाडी गिअरमध्येच 40 पर्यंत येऊ द्या. असं दोन-तीनदा. नेमका क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर तेच धरा.

आणि मधेच स्कॅनरने बिघाडाचे कोड क्लिअर करत बसू नका, दरवेळी झालेल्या टेस्टही पुसल्या जातात. टेस्ट पूर्ण झाल्यावर लाइट लागलाच तर बिघाड बहुधा आधीपासून होता, आत्ता फक्त सापडला.