हत्यार दाखवावे की हाती द्यावे?

वाचकांचे प्रश्न : लाकूडकाम

प्रश्न : आम्ही मुलुंडमधील पंधरा-वीस हौशी मंडळी महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या सभागृहात लाकूडकामासाठी जमतो. आधी एखाद्या हत्याराचे प्रात्यक्षिक होते, मग सभासद आपापल्या वस्तू मांडतात. गर्दी होते, कौतुकही होते. पण दोन वर्षांनंतरही बहुतेकांच्या कामात फरक दिसत नाही. आमचे काय चुकत असावे?

उत्तर : आपल्या पत्रात रंधा, करवत, पटाशी या सर्वांचा उल्लेख आहे, धार लावण्याचा मात्र कुठेच नाही, आणि माझ्या मते दुखणे नेमके तिथे आहे. प्रात्यक्षिक देणारा घरून धार लावलेला रंधा घेऊन येतो, फळीवरून तलम सालपटे निघताना सर्वजण पाहतात, आणि घरी जाऊन दुकानातून आणलेला रंधा तसाच चालवू लागतात. तो अडकतो, लाकूड उचकटते, आणि आपल्या हाताला हे जमणार नाही अशी समजूत होऊन बसते. वस्तुतः नव्या रंध्याचे किंवा पटाशीचे पाते कारखान्यातून आलेल्या अवस्थेत क्वचितच कामाजोगे असते.

म्हणून पुढच्या एक-दोन बैठका केवळ धारेला द्याव्यात. प्रत्येकाने आपली बोथट पटाशी आणावी. महागडा दगड नसला तरी चालेल. जाड, सपाट काचेवर पाण्याने चिकटवलेला बारीक पॉलिश पेपर पुरतो. आधी पात्याची पाठ, म्हणजे तिरप्या उताराच्या विरुद्ध बाजू, टोकाजवळ अगदी सपाट करावी, कारण पाठ सपाट नसेल तर उताराच्या बाजूने कितीही घासले तरी धार येत नाही. मग २५ अंशांचा उतार आणि टोकाशी ३० अंशांची अरुंद पट्टी घासावी. मागच्या बाजूला पात्याच्या पूर्ण रुंदीभर उलटलेली बारीक कड बोटाला जाणवली, की त्याहून बारीक कागदावर जावे. ती जाणवण्याआधी कागद बदलणे ही शिकाऊंची सर्वांत मोठी घाई होय. पारख करण्यासाठी पाइनच्या तुकड्याचे आडवे कापलेले टोक तासून पाहावे. ते गुळगुळीत, किंचित चकाकते निघाले तर धार आली. भुसभुशीत निघाले तर आली नाही.

प्रात्यक्षिक वीस जणांनी उभे राहून पाहण्यापेक्षा चौघा-पाचांच्या गटांत, हत्यार हाती घेऊनच व्हावे. आणखी एक आग्रहाची विनंती अशी, की वर्षातून एकदा तरी पिढीजात सुतारकाम करणाऱ्या कारागिराला योग्य मानधन देऊन बोलवावे. जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून धरत काम करण्याची आपल्याकडील रीत जागेच्या टंचाईत किती उपयोगी आहे, हे मुंबईच्या छोट्या घरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

वस्तू मांडण्याच्या वेळी पूर्ण झालेल्या वस्तूंबरोबर अर्धवट वस्तूही याव्यात. पॉलिश चढलेल्या वस्तूचे सांधे दिसत नाहीत. मांडणाऱ्याने कोणता सांधा सैल राहिला आणि तो का, हे सांगावे. पाहणाऱ्यांनी वस्तू उलटी करून तळ पाहावा.

प्रश्न : आमच्या एका सभासदाने सागाच्या फळ्या जोडून ४५० मिलिमीटर रुंदीचे टेबल जुलैत केले आणि वरचा भाग चौकटीला चारही बाजूंनी गोंदाने पक्का केला. वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या या टेबलाला डिसेंबरात तडा गेला. लाकूड वाईट होते का?

उत्तर : बहुधा लाकडाचा दोष नसावा. लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते आणि आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत तो जाणवतो. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत खोडाच्या आडव्या कापावर दिसणाऱ्या वर्तुळरेषांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. मुंबईच्या जुलैतील हवेत मुरलेल्या फळीतील ओलावा वातानुकूलित खोलीत ५ टक्क्यांनी उतरला, असे धरले आणि फळ्या वर्तुळरेषांना समांतर चिरलेल्या असल्या, तर ४५० मिलिमीटरमागे ४ मिलिमीटरांहून थोडे अधिक आकुंचन होते. चौकटीच्या आडव्या पट्टीला गोंदाने जखडलेली फळी आकसू शकत नाही, म्हणून ती फाटते. वरचा भाग लांबट भोकांतून स्क्रूने बसवावा, म्हणजे त्याला सरकायला वाव राहतो.

तडा गेलेले ते टेबल बैठकीत अवश्य आणावे. जोडीला एका रुंद फळीचा आडवा तुकडा कापून जूनपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक बैठकीत त्याची रुंदी मोजून भिंतीवर लिहावी.

प्रश्न : पाडलेल्या चाळीच्या जुन्या सागवानी तुळया आम्हाला मिळाल्या आहेत. सभागृहातच यंत्राने रंधून त्या सभासदांना वाटाव्यात का?

उत्तर : तुळया घ्याव्यात, यंत्र सभागृहात आणू नये. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि विजेचा रंधा तिच्या कितीतरी पलीकडे जातो. लाकडाच्या धुळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ती मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत समाविष्ट केली. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये.

रे रोडच्या लाकूड बाजारात तुळया चिरून घेणे उत्तम. त्यापूर्वी चुंबक फिरवून खिळे शोधून काढावेत. पितळी स्क्रूला मात्र चुंबक लागत नाही, तेव्हा बुजवलेल्या प्रत्येक भोकात टोच्या घालून पाहावा.